वळसईचं माहेर

वळसई नावाची एक लहानशी नदी ज्या जंगलातून वाहते, त्याच जंगलात एक रानकोंबडी राहायची. तिला काळजी करायला कारण लागत नसे. पान पडलं की ती दचकून मान वर करी, आणि बराच वेळ पान पडलं नाही तर का पडलं नाही म्हणून पुन्हा मान वर करी. हसू नका मुलांनो. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखराला असंच राहावं लागतं. मुंगूस, घोरपड, कोल्हा, साप, सगळ्यांचा डोळा तिच्या घरट्यावर. बिनघोर राहणाऱ्या कोंबड्यांची पिल्लं त्या जंगलात फारशी कुणाला दिसलेली नाहीत.

त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदाच अंडी घालणार होती. जागा शोधता शोधता बिचारी रडकुंडीला आली. करवंदीच्या जाळीत मुंगसाचं येणंजाणं, वारुळाजवळ सापाची भीती, सागाखाली सावलीचा पत्ता नाही. ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसलेला एक वानर तिची ही वणवण सकाळपासून बघत होता. टेहळणी करणं हे त्याचं काम, आणि सगळं जंगल आपल्या नजरेत आहे असा त्याचा समज. तो वरूनच म्हणाला, "अगं, इकडेतिकडे काय फिरतेस? सरळ माहेरात जा. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं."

माहेर हे त्या जंगलातल्या एका जागेचं नाव होतं. टेकडीच्या पोटातून गेलेला एक लांबट, खोलगट पट्टा. दोन्ही बाजूंना मातीचे उंच काठ, तळाला मऊ वाळू, आणि वाळूवर वीतभर पानांचा थर. तिथे वारा लागत नसे, ऊन लागत नसे. त्याच्या नदीकडच्या तोंडाशी एक मोठा दगड आडवा पडलेला होता आणि त्या दगडाला मधोमध एक खाच होती. त्याला सगळे उंबरठा म्हणत. उंबरठा का, आणि माहेर तरी का, हे कुणाला ठाऊक नव्हतं. नाव इतकं गोड, की विचारावंसंच कुणाला वाटलं नव्हतं.

कोंबडीचा अर्धा जीव तर नाव ऐकूनच थाऱ्यावर आला. उंबरठ्यापासून थोडं आत, काठाच्या पायथ्याशी तिने पानं उकरून जागा केली. वाळूत गोल, गुळगुळीत गोटे होते, ते एकेक करून चोचीने बाजूला सारले. असले गोटे नदीखेरीज कुणी घडवत नाही, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. अंड्यांसारखे दिसतात म्हणून तिला ते उलट शकुनाचे वाटले. सहा अंडी झाल्यावर ती खुडूक झाली आणि अंग पसरून बसली.

आता एकवीस दिवस काढायचे होते. दिवसातून एकदाच, ऐन दुपारी, हवा तापलेली असताना ती उठायची. तेवढ्या उबेत अंडी थोडा वेळ तग धरतात. तेवढ्यात उंबरठा ओलांडून नदीच्या डोहावर जायचं, पाणी प्यायचं, चार दाणे टिपायचे आणि धावत परत यायचं. खाण्याची मात्र त्या वर्षी चंगळ होती. नदीकाठचा सगळा बांबू फुलला होता. बांबू उभ्या आयुष्यात एकदाच फुलतो, बी धरतो आणि वाळून मरतो. दोन फुलोऱ्यांमध्ये इतकी वर्षं जातात की आधीचा फुलोरा पाहिलेलं कुणी सहसा उरत नाही. जमिनीवर बियांचा सडा पडला होता. डुकरं, उंदीर, होले, वानर, सगळे तुडुंब खात होते. वाळलेले बांबू कडकड मोडून नदीत पडत होते, पण भरल्या पोटी तिकडे कोण बघणार?

डोहात एक म्हातारं कासव राहायचं. दुपारी ते दगडावर ऊन खात बसलेलं असे. कोंबडी पाणी पिताना त्याला रामराम करी, ते पापणी मिटून उघडी, एवढीच दोघांची ओळख. बसून बसून मात्र कोंबडीच्या डोक्यात विचार यायला लागले. माहेर, माहेर म्हणतात, पण कुणाचं? आपलं तर नव्हे. दहाव्या दिवशी तिने सहज विचारलं, "आजोबा, माहेराला माहेर का म्हणतात हो?"

कासवाने डोळे पूर्ण उघडले. पुष्कळ वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. "पोरी," ते म्हणालं, "ते सांगायचं तर उगमापासून सांगावं लागेल."

आणि त्याने खरोखरच उगमापासून सांगायला घेतलं. वर डोंगरात एक उंबर आहे, त्याच्या मुळातून वळसई निघते. निघताना ती एक नसते, तीन धारा असतात. एक थंड, एक कोमट, आणि तिसरीच्या पाण्याला गंज चढल्यासारखी चव. तिन्ही कुठे मिळतात, मिळाल्यावर चव कशी बदलते, हे कासव एकेक शब्द चघळत सांगत होतं. कोंबडी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. अंडी गार पडत होती. धारा अजून मिळायच्याच होत्या आणि तिला पळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कासवाने नेमकं तिथूनच पुढे चालू केलं. मग रोज असंच. एक दिवस दाताडाचा, म्हणजे जिथे नदी खडकांतून घासत उतरते त्या जागेचा. एक दिवस शेवाळाच्या तीन जातींचा. एक दिवस कासवाच्या आजोबांचा, त्यात नदी नावालाच होती. "आजोबा, माहेराचं सांगा ना," असं कोंबडीने दोनदा म्हणून पाहिलं. कासव शांतपणे म्हणालं की मधूनच सांगितलं तर नदी कळत नाही. ते काही दुष्ट नव्हतं हो. ज्यांना पुष्कळ माहीत असतं आणि ऐकणारं कुणी नसतं, त्यांचं असं होतं.

या दिवसांत आणखी एक गोष्ट घडत होती आणि कोंबडीला तिचा आनंदच होत होता. सुरुवातीला उंबरठ्यापासून पाण्यापर्यंत चाळीस पावलं पडायची. मग पस्तीस झाली. मग अठ्ठावीस. पाणी रोज थोडं जवळ येत होतं, कासवही रोज अलीकडच्या दगडावर बसलेलं असायचं. तेवढाच आपला जाण्यायेण्याचा वेळ वाचला, असं तिला वाटायचं. पान पडलं तरी दचकणारी ही बाई, पण या एका गोष्टीची काळजी तिला सुचली नाही. सोय झाली की भीती कशी गप्प बसते बघा.

सतराव्या दिवशी कासव एकदाचं मुद्द्याच्या जवळ आलं. फार पूर्वी वळसई टेकडीला वळसा घालत नव्हती, ते म्हणालं. ती सरळ टेकडीच्या पोटातून वाहायची. मग एका वर्षी दरड कोसळली, एक मोठा दगड वाटेत आडवा पडला, आणि नदीला दुसरीकडून जावं लागलं. पलीकडच्या अरुंद खिंडीतून तिने वाट काढली. तेव्हापासून तिचं नाव वळसई.

कोंबडीने पाण्यातून चोच वर काढली. "म्हणजे मी बसलेय ती नदीची जुनी वाट?"

"तेच तर सांगतोय," कासव म्हणालं, आणि खिंडीचा दगड कोणत्या जातीचा याकडे वळलं. कोंबडीला थांबायला वेळ नव्हता.

ती तडक वानराकडे गेली. त्याने तोंडातलं बी गिळून तिची समजूत घातली. नदीने ती वाट सोडली त्याला किती काळ लोटला, कुणास ठाऊक. लेक सासरी गेली की माहेर सुटतं, म्हणून तर जागेला ते नाव पडलं असेल. सोडून गेलेल्या घराची कसली भीती? बोलणं पटण्यासारखं होतं. कोंबडीने ते स्वतःला पटवून घेतलं, कारण दुसरं काय करणार? उबवायला घेतलेली अंडी हलवता येत नाहीत. अठराव्या दिवशी ती पाण्यावर गेलीच नाही. ऐकायची भीती वाटली. तहानलेली, सहा अंड्यांवर दबून बसून राहिली, आणि तेवढा एक दिवस वाया गेला.

एकोणिसाव्या दिवशी घसा कोरडा पडला तेव्हा ती उठली. उंबरठ्याशी आली आणि तिथेच थांबली. पुढे जायची गरजच नव्हती. पाणी उंबरठ्याला टेकलं होतं, खाचेच्या जेमतेम दोन बोटं खाली. कासव तिथेच, हाताच्या अंतरावर तरंगत होतं.

"आजोबा," ती म्हणाली. "उगम नको, दगड नको. शेवट सांगा."

कासवाने तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मधलं सगळं सोडून दिलं. "बांबू फुलला की मरतो. मेलेला बांबू नदीत पडतो आणि खिंडीत जाऊन अडकतो. खिंड तुंबली की डोह चढतो. डोह चढला की वळसई उंबरठा ओलांडून जुन्या घरात येते. आठ-दहा दिवस राहते, मग खिंड मोकळी झाली की परत जाते. लेक येते-जाते ते माहेर, पोरी. मागच्या खेपेला आली तेव्हा मी कवठाच्या कवटीएवढा होतो."

"आणि तुम्ही हे मला आज सांगताय? माझी अंडी आत आहेत."

 इतके दिवस ही पोर येत होती, धावत परत जात होती, पण ती कुठे जाते हे कासवाने एकदाही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात खिंडीकडून मोठा कडकडाट झाला. बांबूचं एक आख्खं बेट उन्मळून पाण्यात गेलं होतं. डोहावर एक लाट आली आणि पाणी बोटभर चढलं.

 कोंबडी ओरडत ऐनाखाली धावली. वानराला दोन हात आहेत, सहा अंडी म्हणजे त्याला तीन खेपांचं काम, तिने कळवळून विनवलं. वानराने डोळ्यांवर हात धरून आभाळ न्याहाळलं. सगळीकडे निळं, ढगाचा ठिपका नाही. तो म्हणाला की भर उन्हाळ्यात, थेंब न पडता पूर आल्याचं त्याने तरी ऐकलेलं नाही, आणि तिने उगाच घाबरवायची सवय सोडावी. त्याची नजर लांबवर पोचत होती हे खरंच होतं. फक्त ती वर होती आणि पाणी खालून येत होतं.

कोंबडी परत धावली. घरट्याच्या वर, काठाच्या माथ्यावर मोहाची मुळं उघडी पडली होती आणि मुळांच्या मध्ये एक सपाट, कोरडी जागा होती. तिथवर अंडी न्यायची. पण न्यायची कशी? चोचीच्या खालच्या बाजूने तिने एक अंडं चढावर ढकललं. ते दोन वेळा घरंगळून खाली आलं. दुसऱ्या वेळी गोट्यावर आपटलं आणि टक असा आवाज झाला. तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा अंडं शाबूत होतं.

मग तिला सुचलं. उकरण्यात कोंबडीचा हात कोण धरणार? तिने काठाच्या अंगाने तिरकी, चढती वाट उकरायला घेतली. एक पाय, दुसरा पाय, माती भुरभुर मागे उडत होती. मध्येच थांबून ती घरट्याकडे बघे, मध्येच उंबरठ्याकडे. वाट अर्धी झाली तेव्हा खाच ओली दिसली. खाचेतून पाण्याची बारीक रेघ आत उतरली आणि वाळूत जिरली. दुसरी रेघ जिरली नाही.

"आजोबा, पाणी आलं," ती ओरडली. कासव काय करणार होतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

खाचेत काहीतरी घासल्याचा आवाज झाला. कासव दगडावर चढलं होतं. धापा टाकत ते खाचेत आडवं झालं आणि पाय आत ओढून घट्ट बसलं. रेघ थांबली.

"मला पळता येत नाही, पोरी," आतून आवाज आला. "पण बसता येतं. तू कर तुझं."

तिने केलं. वाट पुरी केली आणि पहिलं अंडं वर नेलं. मग दुसरं, मग तिसरं. वर नेलेली अंडी वाऱ्यावर गार पडत होती, खालची पानांत गार पडत होती, आणि ती एकाही अंड्यावर बसू शकत नव्हती. चौथं वाटेत अडलं तेव्हा तिने ते छातीने रेटलं. छातीची पिसं मातीने माखून गेली. पाचवं नेताना उंबरठ्याच्या दोन्ही कडांवरून पाणी सांडायला लागलं. एक कासव एक खाच बुजवील, आख्खा उंबरठा कसा बुजवणार?

पाचवं वर ठेवून ती वळली आणि वळसई माहेरात आली. मोठा आवाज झाला नाही. पाणी पानं उचलत, पसरत, जुनी वाट ओळखत आत आलं आणि सहावं अंडं घरट्यातून अलगद तरंगत निघालं. भरत आलेलं अंडं पाण्यात बुडत नाही. ते गिरक्या घेत निघालं आणि कोंबडी काठावरून त्याच्या बरोबरीने धावत होती. तिला पोहता येत नव्हतं. तिच्या गळ्यातून जो आवाज निघत होता, तो ऐकून बी खाणारे होलेसुद्धा उडाले.

खाचेतून सुटलेलं कासव त्याच पाण्याबरोबर आत आलं होतं. आणि जमिनीवर गोगलगायीच्या पुढे न जाणारं ते म्हातारं पाण्यात असं काही सुटलं की बघत राहावं. चार हात मारताच त्याने अंडं गाठलं, नाकाने काठाशी लावलं आणि कोंबडी येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

त्या संध्याकाळी कोंबडी मोहाच्या मुळांत सहाही अंड्यांवर बसली. खालून पाणी वाहत होतं. अंडी इतकी गार लागत होती की तिला स्वतःची ऊब पुरेल असं वाटेना. रात्रभर ती प्रत्येक अंडं चोचीने फिरवत राहिली आणि कान लावत राहिली. काही ऐकू येत नव्हतं. तिला वाटलं, आपण सहा दगड वर आणलेत.

विसाव्या दिवशी दुपारी पहिल्या अंड्यातून टकटक आली. मग दुसऱ्यातून. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाच पिल्लं तिच्या पंखांखाली ओली, लटपटती उभी होती. सहाव्यातून आवाज आला नाही. ती आणखी एक दिवस बसली. पिल्लं भुकेने चिवचिवत होती, पंखाबाहेर जात होती, मुंगसाचा वास वाऱ्यावर येत होता, तरी ती बसली. मग तिला उठावं लागलं. उठताना ती रडली, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

कासव काठाशी येऊन थांबलेलं होतं. न फुटलेल्या अंड्याकडे बघत ते म्हणालं, "मी शेवट आधी सांगायला हवा होता."

 कोंबडीला कासवाचा राग येत होता आणि त्याने खाचेत घातलेलं अंगही आठवत होतं. दोन्ही खरं होतं. वर ऐनावर वानर सगळ्यांना सांगत होता की पाणी येणार हे आपल्याला आधीच दिसलं होतं. तिकडे तिने मान वर करूनही पाहिलं नाही.

तिने पिल्लांना काठाच्या कडेवर ओळीने उभं केलं. जेमतेम दोन दिवसांची पिल्लं ती, नीट उभीही राहत नव्हती. खाली वाहणारं पाणी दाखवून ती म्हणाली, "हे वळसईचं माहेर आहे, आपलं नाही. बांबू फुलला की ती इथे येते. तेव्हा इथे राहायचं नाही. हे लक्षात ठेवा. बाकीची गोष्ट सावकाश सांगेन."

तात्पर्य : जागेचं नाव कितीही गोड असलं तरी ते कुणामुळे पडलं हे विचारून मगच तिथे घर करावं, आणि ज्याला ते ठाऊक आहे, त्याने धोका आधी सांगावा, इतिहास नंतर.